कौलांवर नेमके काय उगवले आहे?

पाऊस ओसरला की गोव्यात फोंडा, डिचोली, पेडण्याकडच्या जुन्या घरांची मंगळुरी कौले ओळखू येत नाहीत. कुठे काळी झाक, कुठे राखाडी चकत्या, कुठे हिरवी गादी. पाहणाऱ्याला वाटते, छप्पर कुजले. पण भाजलेली माती कुजत नाही. वर कोण वस्तीला आले आहे हे ओळखल्याशिवाय तारेचा ब्रश हातात घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

काळी झाक बहुधा सायनोबॅक्टेरियांची, म्हणजे उन्हावर स्वतःचे अन्न बनवणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंची असते. उन्हात ते महिनोन्महिने सुकून पडतात आणि पहिल्या सरींनी जागे होतात. त्यांच्यातल्या काही जाती स्कायटोनेमिन नावाचे तपकिरी रंगद्रव्य बनवतात. ते अतिनील किरण शोषून घेते, आणि त्याच्याच रंगामुळे थर काळपट दिसतो. चुलीची काजळी कोरड्या बोटालाही लागते. हा थर मात्र घट्ट चिकटलेला असतो आणि भिजल्यावर बुळबुळीत होतो.

राखाडी, पांढुरक्या चकत्या म्हणजे गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद. बुरशी आणि शैवाल मिळून हा एक जीव घडतो, असे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी 1867 मध्ये मांडले, तेव्हा अनेक अभ्यासकांनी ते धुडकावले होते. यांच्या बऱ्याच जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर पसरतात. तळहाताएवढी चकती कित्येक वर्षांची असू शकते. पाणी शिंपडून पाहा, बहुतेकींवर हिरवट छटा येते. यांचे धागे कौलाच्या छिद्रांत शिरलेले असतात, त्यामुळे खरवडताना कौलाची वरची कातडीही निघते. म्हणून त्यांना तसेच राहू द्यावे.

पांढरी पूड मात्र जिवंत नसते. मातीतले क्षार पाण्याबरोबर वर येतात आणि सुकतात. ओल्या फडक्याने ते बहुधा विरघळतात. छपराच्या माथ्यावरच्या मोभाच्या चुन्या-सिमेंटमधून उतरलेला ओघळ विरघळत नाही, पण त्यावर व्हिनेगर टाकले तर फसफसतो.

चुना दिलेल्या भिंतींवरचे नारिंगी डाग अनेकांना चिऱ्यांचा उतरलेला रंग वाटतात. ते पुष्कळदा ट्रेंटेपोलिया असते, माडांच्या खोडांवरही दिसणारे. जातीने हे हिरवे शैवाल. त्यातल्या कॅरोटिनमुळे हिरवेपणा झाकला जातो.

खरी काळजी करावी ती शेवाळ्याच्या मऊ गादीची. कौलांच्या खाचांत ती साचली की पाणी अडते, उलटे फिरते आणि वाशांवर ठिबकते. मग लाकूड कुजते, वाळवीचेही फावते. उत्तरेकडच्या उतारावर हिवाळ्यात तिरपे ऊन पडते, तो उशिरा सुकतो. आंबा-फणसाची सावली असेल तर आणखी उशिरा. आधी फांद्या छाटाव्यात. गादी पूर्ण सुकल्यावर, घर शाकारताना, मऊ ब्रशने वरून खाली काढावी. जोरदार पाण्याचा पंप लावला तर पाणी कौलांच्या फटींतून आत शिरते, आणि जुनी कौले फुटतातही. मोभाखाली तांब्याची पट्टी बसवली तर पावसात तांब्याचा अंश उतरून खालची वाढ रोखली जाते. छपराचे पाणी पिण्यासाठी साठवत असाल, तर हा उपाय टाळावा.