लिंड्सबर्ग
लिंड्सबर्ग : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅन्सस राज्याच्या मॅकफर्सन काउंटीतील एक छोटे शहर. लोकसंख्या ३,७७६ (२०२०). स्मोकी हिल नदीच्या खोऱ्यात, सलाइना शहराच्या दक्षिणेस सु. ३० किमी. अंतरावर ते आहे. स्वीडनहून आलेल्या ल्यूथरपंथी (प्रॉटेस्टंट ख्रिस्ती) शेतकऱ्यांनी १८६९ मध्ये ते वसवले.

स्वीडनमध्ये १८६७ साली थंडी लांबल्याने आणि १८६८ साली पावसाने दडी मारल्याने पिके बुडाली व दुष्काळ पडला. त्याच सुमारास अमेरिकेत रेल्वे कंपन्या गिऱ्हाइके शोधत होत्या. लोहमार्ग टाकण्याच्या मोबदल्यात सरकारने त्यांना मार्गाच्या दोन्ही बाजूंना चौरस मैलाचे (६४० एकरांचे) गट एकाआड एक बहाल केले होते. ही जमीन विकली की रोख पैसा मिळे, शिवाय तिथे शेती उभी राहिली की मालवाहतूकही मिळे. १८६८ मध्ये शिकागोतील स्वीडिश ल्यूथरपंथीयांनी एक कृषी कंपनी काढून रेल्वेकडून सु. १३ हजार एकर जमीन विकत घेतली. मधले सरकारी गट १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली, पाच वर्षे राहून जमीन कसली तर जवळजवळ फुकट मिळत. कंपनीच्या चालकांपैकी काहींची आडनावे ‘लिंड’ने सुरू होत; त्यावरूनच गावाचे नाव पडले.

पाद्री उलोफ उलसन हे स्वीडनच्या व्हार्मलांड प्रांतातल्या सुनेमो भागातील आपल्या अनुयायांना घेऊन १८६९ च्या उन्हाळ्यात येथे पोहोचले. त्यांना केवळ शेतकरी नको होते, श्रद्धावानांचे गाव हवे होते. त्यामुळे घरे पुरती उभी राहण्याआधीच, त्याच वर्षी बेथनी चर्चची मंडळी स्थापन झाली. लाकूड दुर्मीळ असल्याने पहिल्या वसाहतकऱ्यांपैकी अनेकांनी जमिनीत कोरलेल्या खोपटांत दिवस काढले. १८७४ मध्ये कॅन्ससभर टोळधाड आली, तिचा फटका या खोऱ्यालाही बसला.

ज्या रेल्वेमुळे जमीन मिळाली तिचे रूळ मात्र गावात यायला सु. दहा वर्षे लागली. तोवर सलाइना हेच जवळचे स्थानक होते. १८७९ मध्ये सलाइनाहून फाटा आला आणि गव्हाला बाजार मिळाला. पुढे मिसुरी पॅसिफिक या रेल्वे कंपनीचाही मार्ग आला. १८९८ ची, रोलरने दळणारी पिठाची गिरणी १९५५ पर्यंत चालू होती. ती आणि १८८० चे रेल्वे स्थानक आता संग्रहालयाच्या आवारात जतन केलेले आहे. जुन्या लोहमार्गांच्या जागेवर पायी व सायकलने जाण्यासाठी वाट केली आहे.

गावाचे नाव दूरवर गेले ते गव्हापेक्षा गाण्यामुळे. उलसन यांच्यानंतर आलेले तरुण पाद्री कार्ल स्वेन्सन यांनी १८८१ मध्ये बेथनी कॉलेज काढले. त्यांच्या पत्नी आल्मा यांनी शेतकरी, गृहिणी आणि विद्यार्थी यांना तालीम देऊन १८८२ मध्ये संगीतकार हँडेल यांची ‘मसाया’ ही ख्रिस्तविषयक संगीतरचना बसवली. घरी स्वीडिश बोलणाऱ्या, इंग्रजी जेमतेम येणाऱ्या माणसांनी इंग्रजी शब्दांतला हा अवघड वृंदगायनप्रबंध गायला, हे धाडसच म्हणावे लागेल. तेव्हापासून ईस्टरच्या सप्ताहात तो दरवर्षी होतो. ऐकायला येणाऱ्यांसाठी एके काळी खास गाड्या सुटत. १९१८ मध्ये गायकवृंदाने फनस्टन छावणीत जाऊन सैनिकांपुढेही तो सादर केला.

चित्रकार बिर्गर सँडझेन १८९४ मध्ये कॉलेजात शिकवायला आले आणि निवृत्तीपर्यंत (१९४६) तेथेच शिकवत राहिले. कॅन्ससचे माळ व रॉकी पर्वत त्यांनी रंगांचे जाड थर देऊन रंगवले. त्यांच्या नावाचे कलादालन १९५७ पासून आहे. सेंट लुइसच्या १९०४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी फेर्डिनांड बूबर्ग यांनी आखलेला स्वीडनचा मंडपही उचलून येथे आणण्यात आला.

गावाचा आजचा स्वीडिश थाट बराचसा नंतरचा आहे. पूर्वजांच्या सन्मानार्थ भरणारा उत्सव १९४१ मध्ये सुरू झाला. तो विषम वर्षांच्या ऑक्टोबरमध्ये होतो. रस्तोरस्ती दिसणारे रंगीत घोड्यांचे पुतळे स्वीडनच्या डालार्ना प्रांताच्या परंपरेतले, तर संस्थापकांपैकी बहुतेक व्हार्मलांडचे. पर्यटकांना अर्थातच त्याचे सोयरसुतक नसते. २००३ मध्ये येथे बुद्धिबळातील माजी जगज्जेते अनातोली कार्पोव्ह यांच्या नावाने बुद्धिबळाची शाळा निघाली, आणि २००५ मध्ये सोव्हिएत संघाचे माजी अध्यक्ष मिखाईल गोर्बाचेव्ह येथे येऊन गेले.