टाकीले बेटावर पाहुणे म्हणून जाताना

पेरूच्या आपल्या सहलीत तितिकाका सरोवरातल्या टाकीले बेटावर एक मुक्काम असतो. माचू पिचूबद्दल आमचे प्रवासी भरपूर वाचून येतात; टाकीलेचं नाव मात्र बहुतेकांनी आमच्या कार्यक्रमपत्रिकेतच पहिल्यांदा पाहिलेलं असतं. तिथे आपण हॉटेलात नाही, लोकांच्या घरी राहतो. म्हणून निघण्याआधी हे पत्रक एकदा सावकाश वाचा, घरच्या मंडळींनाही वाचायला द्या.

बेट कुठे आहे

पुनो शहराच्या धक्क्यावरून साध्या बोटीने साधारण तीन तास. बेट जेमतेम साडेपाच किलोमीटर लांब, वस्ती दोनेक हजारांची, भाषा केचुआ. गाड्या नाहीत, सगळं पायी. डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेल्या शेतांत बटाटा, मका आणि किनोआ हे राजगिऱ्यासारखं बारीक धान्य पिकतं. आपल्या उपवासाचा बटाटा मूळचा याच अँडीज पर्वतातला, हे तिथली शेतं पाहताना जरूर आठवा.

कपडे नीट पाहा

टाकीलेला जायचं ते यासाठी. युनेस्कोने इथल्या वस्त्रकलेला २००५ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला आणि २००८ मध्ये ती अमूर्त वारशाच्या यादीत आली. पण हे कपडे पर्यटकांसाठी चढवलेले नाहीत. शेतात, बोटीवर, गावाच्या सभेत माणसं तेच घालतात.

इथे विणकाम पुरुष करतात. ‘चुल्यो’ म्हणजे कान झाकणारी लोकरी टोपी. मुलगे लहानपणीच ती विणायला शिकतात. चौकात गप्पा मारत उभे असलेले, चढावर चालणारे पुरुष हातातल्या बारीक सुया थांबवत नाहीत. टाके इतके घट्ट असतात की टोपी हातात घेतल्यावर ती विणलेली आहे यावर चटकन विश्वास बसत नाही. बेटावर सांगतात की पूर्वी मुलीचा बाप होणाऱ्या जावयाच्या टोपीत पाणी ओतून बघायचा. पाणी गळलं नाही तर मुलगा कामाचा. पूर्ण लाल, नक्षीदार चुल्यो घातलेला पुरुष विवाहित. वरचा भाग पांढरा असेल तर अविवाहित. मंगळसूत्र पाहून आपल्याला जे कळतं, ते इथे टोपी पाहून कळतं. गावच्या कारभाऱ्यांचा मान वेगळा: ते चुल्योवर हॅट घालतात.

बायका जमिनीवर खुंट्या ठोकून आडवा माग लावतात आणि त्यावर पट्टे विणतात. पुरुषांच्या कमरेचा रुंद पट्टा मुद्दाम जवळून पाहा. त्यावर वर्षाचं चक्र विणलेलं असतं: पेरणी, काढणी, सण, विधी. घरात कुणी समजावून सांगायला तयार असेल, तर बसून ऐका. आमच्या मते अख्ख्या सहलीतली ही सर्वांत मोलाची वेळ आहे आणि त्यासाठीच आम्ही दुपारचा कार्यक्रम मोकळा ठेवतो.

पांढरा सदरा, आखूड जाकीट, काळी विजार या पुरुषी वेशावर स्पॅनिश खेड्यांची छाप दिसते. त्यामागे इतिहास आहे. पेरूवर तेव्हा स्पेनचं राज्य होतं. त्याविरुद्ध स्थानिकांचा पुढारी तुपाक अमारू दुसरा याने १७८०–८१ मध्ये केलेलं बंड मोडल्यावर स्पॅनिश सत्तेने इंका, म्हणजे स्पॅनिशांआधीच्या राज्यकर्त्यांच्या, पद्धतीच्या पोशाखावर बंदी घातली होती. लोकांनी वेश बदलला, विणकाम मात्र सोडलं नाही.

घरात आणि गावात

रस्त्यात भेटलेले दोन पुरुष हात मिळवण्याऐवजी कमरेच्या विणलेल्या पिशवीतून कोकाची (ज्या झुडपापासून कोकेन काढतात त्याची) पानं काढून एकमेकांना देतात. कुणी तुम्हाला दिलीच, तर दोन्ही हातांनी घ्या आणि आभार माना. चघळलीच पाहिजेत असं नाही.

फोटो विचारूनच काढा. विणत बसलेल्या बाईने मान फिरवली, तर तो नकार समजा आणि कॅमेरा खाली घ्या. मुलांना चॉकलेटं, पैसे वाटू नका. यजमानांसाठी पुनोच्या बाजारातून फळं, तांदूळ, साखर न्या. बेटावर या वस्तू बोटीनेच येतात, त्यामुळे त्यांचं अप्रूप असतं.

चौकातल्या सहकारी दुकानात किमती ठरलेल्या असतात आणि पैसे विणणाऱ्याच्या घरी जातात. तिथे घासाघीस नको, ही आमची आग्रहाची विनंती. उत्तम चुल्यो विणायला कित्येक आठवडे लागतात. सुटे सोल (पेरूचं चलन) जवळ ठेवा, कार्डावर विसंबू नका.

पाहुणे कोणत्या घरी उतरायचे हे गाव पाळीने ठरवतं. म्हणून ‘आम्हाला शेजारचं घर द्या’ असं तिथे म्हणू नका. कुणाची तरी पाळी हुकते.

तब्येत आणि जेवण

सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटरवर आहे, बेटाचा माथा ४,००० च्याही वर. धाप लागणं, डोकं दुखणं साहजिक आहे. म्हणून आपण आधी कुस्को आणि पुनो या उंचावरच्या शहरांत थांबून शरीराला सवय करतो. हृदयविकार, रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारूनच नोंदणी करा. एका धक्क्यावर पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना आम्ही दुसऱ्या बाजूच्या सोप्या वाटेने नेतो. रात्री कडाक्याची थंडी पडते, जून-जुलैत तर पारा शून्याखाली जातो. दुपारचं ऊन मात्र पोळतं. जाड स्वेटर, टोपी, सनस्क्रीन आणि बॅटरी घ्या.

जेवायला किनोआचं सूप, बटाटे, अंडी आणि सरोवरातला ट्राउट मासा. शाकाहाराची सोय होते. कांदा-लसूण किंवा कंदमुळं न खाणाऱ्यांनी आम्हाला निघण्याच्या १५ दिवस आधी सांगा, म्हणजे यजमानांना निरोप देता येईल. जेवणानंतर मुन्या या रानपुदिन्यासारख्या पाल्याचा चहा मिळतो, तो उंचीच्या त्रासावर लोक घेतात.

कोकाचा चहा पेरूत उघडपणे मिळतो, तिथे प्यायला हरकत नाही. पण परतताना त्याची पानं किंवा टी-बॅग सामानात अजिबात राहू देऊ नका. भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली तो गुन्हा आहे. पुनो सोडताना आमचा सहल-व्यवस्थापक सगळ्यांना खिसे आणि बॅगा तपासायला सांगेल. तेवढी पाच मिनिटं त्याला द्या.