ब्रेक वळणाच्या आधी

वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला निघालेल्या गाडीत पाच जण असतील, तर त्यातल्या चौघांना मळमळू शकतं. पाचव्याला, म्हणजे गाडी चालवणाऱ्याला, जवळपास कधीच नाही. वळणं तीच, एसीचा कोंदट वास तोच, सकाळी खाल्लेली मिसळही तीच. इतकंच नाही, मागे बसल्यावर ज्याला हमखास गाडी लागते तोच माणूस स्टिअरिंगवर बसला की ठणठणीत असतो. तरीही आपण उपाय सांगतो ते सगळे पोटाचे: उपाशी निघू नको, लिंबू हुंग, आलेपाक चघळ. पोटाचा यात दोष फारच कमी. गडबड कानात सुरू होते, आणि ती वाढवायची की आवरायची हे बरंचसं चालकाच्या पायांवर ठरतं.

कानाच्या आतल्या भागात, ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच, तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तिच्यात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. पेला गर्रकन फिरवला तर आतलं पाणी क्षणभर मागे राहतं, तसा डोकं वळलं की नलिकेतला द्रव मागे राहतो. त्यामुळे तिथल्या सूक्ष्म केसपेशी वाकतात आणि डोकं वळल्याची वर्दी मेंदूला जाते. शेजारी दोन छोट्या पिशव्या आहेत. त्यांत चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे बसलेले असतात. गाडी सुटली, थांबली, बाजूला ओढली गेली की हे खडे सरकतात. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की एकसारखा वेग कानाला कळतच नाही. समृद्धी महामार्गाच्या सरळ पट्ट्यात ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी आणि घरातला सोफा, कानाच्या लेखी दोन्ही सारखेच. कानाला फक्त बदल कळतो.

ही यंत्रणाच निकामी असेल तर? १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदल आणि नासा यांनी वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजमधून ११ कर्णबधिर पुरुष निवडले. त्यातल्या १० जणांची श्रवणशक्ती लहानपणी मेनिंजायटिसने गेली होती, आणि तिच्याबरोबर कानातली तोलाची यंत्रणाही. नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ या मंडळींना बोटीने खवळलेल्या समुद्रात नेलं. ते निवांत पत्ते खेळत बसले. निरीक्षण करायला आलेले संशोधकच इतके आडवे झाले की प्रयोग आवरता घ्यावा लागला.

म्हणजे कान हवाच. पण कान तर चालकालाही असतो. जेम्स रीझन आणि जे. जे. ब्रँड यांनी १९७५ मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण आजही सर्वाधिक मानलं जातं. (अपघात कसे घडतात हे समजावणारं ‘स्विस चीज’ प्रारूप ज्यांच्या नावावर आहे, ते हेच रीझन.) मागच्या सीटवर मोबाइल बघत बसलेल्या मुलाचे डोळे सांगतात, आपण स्थिर आहोत. कान सांगतो, आपण डावीकडे ओढले जातोय. पण नुसता डोळे विरुद्ध कान एवढाच हा वाद नाही. पुढच्या क्षणी काय जाणवणार याचा अंदाज मेंदू सतत बांधत असतो. तो अंदाज पुन्हा पुन्हा चुकू लागला की मळमळ सुरू होते. चालकाचा अंदाज चुकत नाही, कारण वळण त्यानेच घेतलेलं असतं. इस्राएलमधल्या दोन संशोधकांनी १९९१ मध्ये हे छान दाखवलं. दोन माणसांना एकाच फिरत्या यंत्रावर बसवलं, दोघांची डोकी सारखीच हलतील अशी व्यवस्था केली आणि नियंत्रण एकाच्याच हाती दिलं. नियंत्रण नसलेल्याला जास्त त्रास झाला.

या अंदाजाची खूण डोळ्यांनी दिसते. डावं वळण आलं की चालकाचं डोकं नकळत डावीकडे, वळणाच्या आतल्या बाजूला झुकतं. त्याच क्षणी प्रवाशांची डोकी उजवीकडे फेकली जातात. जपानमध्ये ताकाहिरो वादा आणि सहकाऱ्यांनी प्रवाशांना मुद्दाम चालकासारखं डोकं झुकवायला लावलं, तर त्यांचा त्रास कमी झाला. पुढच्या वेळी घाटात करून बघण्यासारखं आहे, फुकटही आहे.

अंदाज चुकला म्हणून उलटी का व्हावी, याचं एक उत्तर मिशेल ट्रेसमन यांनी १९७७ मध्ये सुचवलं. निसर्गात डोळे आणि कान यांचा मेळ बिघडतो तो बहुधा विषारी काही खाल्ल्यावर, म्हणून मेंदू पोट रिकामं करायचा हुकूम देतो. कल्पना लोभस आहे. तिला थोडा आधारही आहे: कानाचा आतला भाग काढून टाकलेल्या कुत्र्यांना काही विषांनी उलट्या कमी होतात, असं १९८३ च्या एका प्रयोगात दिसलं. तरी हे शेवटचं उत्तर मानायला मी तयार नाही. आपल्या कामासाठी ते तसं असण्याची गरजही नाही.

कामाची गोष्ट वेगळीच आहे. सगळेच हादरे मळमळ आणत नाहीत. १९७० च्या दशकात अमेरिकेत माणसांना वर-खाली हलणाऱ्या खोलीत बसवून मोजमाप केलं गेलं, तेव्हा सर्वात वाईट ठरला तो सुमारे ०.२ हर्ट्झचा हेलकावा, म्हणजे पाच-सहा सेकंदांत एक फेरा. त्याहून बऱ्याच जलद हादऱ्यांनी त्रास होतो, पण वेगळा. म्हणून खड्ड्यांचा रस्ता कंबर मोडतो आणि उलटी मात्र गुळगुळीत नव्या डांबरावर होते. घाटात डावं वळण, उजवं वळण, पुन्हा डावं असा क्रम साधारण याच तालावर येतो. आणि तो फक्त घाटातच येतो असंही नाही. संध्याकाळच्या कोंडीत चार सेकंद अ‍ॅक्सिलरेटर, तीन सेकंद ब्रेक, पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर असं करणारा चालक सपाट शहरात घाट तयार करतो.

आता वळणाचं गणित. गाडी वळताना प्रवाशाला बाजूला ओढणारा जोर वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. २५ मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० किलोमीटरने घेतलं तर बाजूचं त्वरण येतं गुरुत्वाकर्षणाच्या निम्मं. माणूस दाराला चिकटतो. तेच वळण ३० ने घेतलं तर ते पाव पटीच्या जरा वर राहतं, म्हणजे जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. आणि वेळ किती गेला? वळण ४० मीटर लांब असेल तर सव्वा सेकंद. अशी शंभर वळणं धरली तरी दोन मिनिटं. मागचा माणूस उलटी करायला उतरला की त्याच्या कितीतरी पट वेळ जातो.

वेग कमी करायचा तो कुठे, हे त्याहून महत्त्वाचं. वळण येण्याआधी, रस्ता सरळ असतानाच. बरेच जण वळणात शिरतात, मग घाबरून ब्रेक दाबतात. तेव्हा बाजूला ओढणारा जोर आणि पुढे फेकणारा जोर एकदम येतात, गाडीचं नाक खाली जातं, आणि पुढच्या चाकांवर भार वाढून मागची हलकी होतात, जे ओल्या रस्त्यावर धोक्याचंही आहे. नीट चालवणारा वळणाच्या तोंडाशी वेग उतरवून झालेला असतो. स्टिअरिंग एकाच संथ हालचालीत फिरवतो, वळणभर त्याच कोनात धरतो आणि अ‍ॅक्सिलरेटरवर नुसता पाय टेकवून ठेवतो. त्याची नजर बॉनेटसमोर नसते, वळण जिथे सुटतं तिथे असते. जवळ बघणारा दर मीटरला स्टिअरिंग थोडं इकडे, थोडं तिकडे करत राहतो आणि त्याची प्रत्येक दुरुस्ती मागच्यांच्या कानापर्यंत पोहोचते.

जुने चालक सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. हा नियम ब्रेक तापून निकामी होऊ नयेत म्हणून आहे, पण पोटालाही तो मानवतो. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं, वेग एकसारखा राहतो. न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी मात्र धावते, दाबली जाते, परत धावते. पेट्रोल वाचतं या समजुतीने न्यूट्रल करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की आजच्या इंजिनांत गिअरमध्ये उतरताना, अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असला की, इंधनाचा पुरवठा बंदच असतो.

आता थांबणं. ब्रेक एकाच दाबाने शेवटपर्यंत धरून ठेवला तर गाडी थांबते त्या क्षणी वेग उतरणंही एका झटक्यात संपतं. खाली गेलेलं नाक उसळी मारून वर येतं आणि सगळ्यांच्या माना पुढे जाऊन मागे आपटतात. उपाय अगदी बारीक आहे. ब्रेक सुरुवातीला हळूच टेकवायचा, मग पुरेसा दाबायचा, आणि गाडी थांबायला मीटरभर राहिलं की टाच न उचलता पंजा हलकेच सैल करायचा. गाडी थांबली हे कळूही नये. हे जमायला पुढच्या गाडीपासून अंतर लागतं. शहरात तुम्ही अंतर ठेवलंत की त्यात रिक्षा शिरणार, हे मान्य. शिरू द्यावी. अर्थात समोर कुणी आडवं आलं तर हे सगळं विसरून ब्रेक पूर्ण दाबायचा.

आपलं चालवणं तपासायला अर्धी भरलेली पाण्याची बाटली कप होल्डरमध्ये ठेवा आणि शेजारच्याला तिच्यावर लक्ष ठेवायला सांगा. पाणी कलेल, त्याला इलाज नाही. ते हळू कलतंय का आणि हळू परत येतंय का, एवढंच बघायचं.

चालकाचा वाटा मोजूनही पाहिलेला आहे. इंग्लंडमधले टर्नर आणि ग्रिफिन यांनी ५६ बसप्रवासांत तीन हजारांहून अधिक प्रवाशांची माहिती घेतली आणि ती १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. बसच्या संथ आडव्या हेलकाव्यांबरोबर मळमळ वाढत होती, आणि ते हेलकावे चालकागणिक बदलत होते. याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट दिसली: पुढचा रस्ता ज्यांना दिसत नव्हता, त्यांना फार जास्त त्रास झाला.

म्हणून जागा. एसटीत मागची बाकं मागच्या चाकांच्याही पलीकडे येतात, तिथे गाडी सर्वाधिक उडते आणि पुढचा रस्ता तर दिसतच नाही. गाडी लागणाऱ्याने चालकाच्या मागच्या दोन-चार ओळींत बसावं. वडापच्या जीपमधली मागची समोरासमोरची बाकं यात सगळ्यात वाईट. तिथे रस्ता दिसत नाही, दिसतात ते समोरच्याचे गुडघे, आणि ब्रेक लागला की माणूस आडवा शेजाऱ्यावर पडतो. मुलांचा प्रश्न थोडा अवघड आहे. दोन वर्षांखालच्या बाळांना गाडी सहसा लागत नाही. शाळकरी वयात हा त्रास शिगेला पोहोचतो आणि नंतर उतरत जातो. या वयात पुढची सीट सुरक्षित नसते आणि मागे बसलं की पुढच्या सीटची पाठच तेवढी दिसते. उंची वाढवणारी बूस्टर सीट दिली तर दोन्ही साधतं, काचेतून बाहेरचं दिसतं. गप्प बसावं म्हणून हातात दिलेला मोबाइल घाटापुरता काढून घ्यावा. आयफोनमध्ये २०२४ पासून गाडीच्या हालचालीबरोबर पडद्याच्या कडेला ठिपके सरकवण्याची सोय आली आहे, तिचं तत्त्व बरोबर आहे. पण खिडकी त्याहून मोठी आहे.

इलेक्ट्रिक टॅक्सीत बसल्यावर ‘यात जास्त मळमळतं’ असं अनेकजण म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलताच मोटर उलट काम करून बॅटरी भरू लागते आणि गाडी ब्रेक लावल्यासारखी आवळली जाते. पेट्रोल गाडीच्या सवयीने पाय झटकन उचलणारा चालक दर वेळी प्रवाशांना पुढे झुकवतो. भरीला इंजिनाचा आवाज नाही. वेग वाढणार की उतरणार, हे एरवी आपला कान त्या आवाजावरून ताडत असतो. बहुतेक गाड्यांत हे रिजनरेशन कमी-जास्त करता येतं. प्रवासी असतील तेव्हा ते खालच्या पातळीवर ठेवावं आणि पाय इंचाइंचाने उचलावा. बोलून सांगितल्यानेही फरक पडतो. हालचाल कधी होणार हे ठाऊक असेल तर तीच हालचाल कमी बाधते, असं नेदरलँड्समधल्या प्रयोगांत दिसलं आहे. ‘आता डावीकडे मोठं वळण आहे’ एवढं वाक्य पुरतं.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. प्रोमेथाझिन गटातली, आपल्याकडे अ‍ॅव्होमिन म्हणून परिचित असलेली गोळी निघण्याआधी घ्यायची असते. मळमळ सुरू झाली की पोटातलं पुढे सरकणं मंदावतं, मग गोळी तिथेच पडून राहते. तिने झोप येते, त्यामुळे चालकाने ती घेऊ नये, आणि लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. आल्याचे पुरावे संमिश्र आहेत. आलेपाक खायला मात्र पुराव्याची गरज नाही.

चालकाने आरशात एवढं बघावं: मागे कुणी अचानक गप्प झालंय का, जांभया देतंय का, चेहरा फिका पडून कपाळावर घाम आलाय का. उलटीच्या बऱ्याच आधी ही लक्षणं येतात, आणि जांभयांना आपण झोप समजून सोडून देतो. तेव्हाच थांबावं, वळणावर नाही, पुढे रस्ता रुंद असेल आणि मागून येणाऱ्याला गाडी लांबून दिसेल अशा जागी, चारही इंडिकेटर लावून. दहा मिनिटं मोकळ्या हवेत लांबवरच्या डोंगराकडे बघत उभं राहिलं की बहुतेकांना बरं वाटू लागतं. निघताना तो मोठा माणूस असेल तर पुढची सीट त्याला द्यावी, मग तिथे कितीही मानाचे काका बसलेले असोत.