कुंडीतल्या देवचाफ्याची पानं गळली तर

डिसेंबर लागला की आमच्या नर्सरीत एकच प्रश्न येतो : "चाफ्याची पानं गळाली, झाड मेलं का?" मेलेलं नसतं. टोकदार पानांचे लाल, गुलाबी, पिवळे देवचाफे कोरड्या दिवसांत पानं टाकून विश्रांती घेतात. गोल टोकाच्या पानांचा पांढरा चाफा गोव्यात बहुधा हिरवाच राहतो. सोनचाफा हे वेगळंच झाड आहे, त्याचं पाणी मात्र तोडू नका.

चाफा जातो तो पानगळीनंतर काळजीपोटी घातलेल्या पाण्यानं. पानं नसली की झाड पाणी ओढत नाही. माती ओलीच राहते, मुळं कुजतात आणि कूज खोडात चढते. खोड बोटांनी दाबून बघा. घट्ट लागलं, नखानं ओरखडल्यावर आत हिरवं दिसलं, तर झाड जिवंत आहे. त्याला तसंच राहू द्या. मऊ, पिचपिचीत लागलं तर कुजलेला भाग आतला गर स्वच्छ पांढरा दिसेपर्यंत कापून टाका. उरलेली फांदी सावलीत आठवडाभर सुकवून मगच लावा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

पानगळीनंतर महिन्यातून एकदा पेलाभर पाणी पुरे. शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या सुमारास शेंड्याला नवी पानं फुटतात. ती बोटभर झाली की नेहमीचं पाणी आणि शेणखत सुरू करा. कुंडी बदलायची तीही तेव्हाच. पावसाळ्यात कुंडीखाली ताटली ठेवू नका, आणि संततधार लागली की कुंडी पडवीत किंवा बाल्कांवात (दारापुढच्या छपराखाली) घ्या. पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. ती पानं तोडून जाळा.

आम्ही मातीत जाड वाळू आणि चिऱ्याचे तुकडे घालतो. कुंडी जड होते अशी तक्रार येते, पण पाणी थांबत नाही ते त्यामुळेच. नुसत्या कोकोपीटमधलं रोप हलकं असतं, पण आपल्या पावसात ते टिकवणं कठीण. हिवाळ्यात निष्पर्ण रोपाचीही आम्ही पूर्ण किंमत घेतो, कारण मुळं तीच असतात आणि त्या अवस्थेत रोप हलवलेलं त्याला सोसतं. जास्त पाण्यानं कुजलेलं झाड मात्र बदलून देत नाही. घेऊन या, वाचण्याजोगं असेल तर कापून देऊ, त्याचे पैसे नाहीत.

मुलांकडे दिल्लीला किंवा महाबळेश्वरला चाफा न्यायचा असेल तर आधी सांगा. चाफ्याला दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, अजिबात सोसत नाही : शेंडे काळे पडतात आणि तिथून कूज खाली उतरते. रात्रीचा पारा १० अंशांखाली जाऊ लागला की कुंडी घरात घ्यावी. पानं गळाली असतील तर उजेडही लागत नाही. जिन्याखालचा कोरडा कोपरा चालतो, पाणी जवळजवळ बंद. प्रवासासाठी आम्ही पानगळीतलं रोप माती झाडून, मुळं वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. त्यासाठी जानेवारीतच या, नवी पानं फुटल्यावर तसं देता येत नाही.