भुसावळमार्गे आलेली भुतं

रामसे बंधूंच्या भयपटांना हल्ली शहरात 'कल्ट' म्हणतात. रबरी मुखवटे, हिरवा-लाल उजेड आणि धुराचे लोट बघून पोरं खिदळतात. खान्देशात चाळीस वर्षांपूर्वी 'भुतना पिच्चर' लागला, की लोक पैसे मोजायचे ते घाबरायला.

फाळणीआधी कराचीत रेडिओचं दुकान चालवणारे एफ. यू. रामसे मुंबईत येऊन निर्माते झाले. 1970 चा त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयाण मुखवटा घालून चोरीला शिरतात, त्या प्रसंगाला प्रेक्षक दचकतात हे तुलसी आणि श्याम या मुलांनी हेरलं. मग नुसती भीतीच विकायची ठरलं. 1972 च्या 'दो गज जमीन के नीचे'साठी सगळं बिऱ्हाड बसने महाबळेश्वरला गेलं; मुक्काम सरकारी विश्रामगृहात. भावांपैकी कुमार लिहिणार, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण आवाजाला, अर्जुन संकलनाला. घरच्यांना पगार नाही आणि भुताला स्टारचं मानधन नाही, असा सगळा हिशेब.

एवढ्या खर्चाचा सिनेमा मुंबईच्या मोठ्या थिएटरांवर अवलंबून नव्हता. त्याची वसुली तालुक्याच्या गावांत व्हायची, आणि इथे भुसावळ येतं. विदर्भ, मध्य प्रदेश, राजस्थानच्या वितरकांच्या 'सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन'चं मुख्यालय इंदूर-नागपूर सोडून भुसावळात का, हे रेल्वेच्या नकाशात दिसतं. मुंबईहून आलेली लाइन इथे फुटते, एक फाटा नागपूरला, दुसरा इटारसीला. सिनेमाच्या रिळांच्या पेट्या तेव्हा रेल्वेनेच फिरायच्या.

पेटी गावागावांतून फिरत यात्रेतल्या तंबू-थिएटरात पोचेपर्यंत प्रिंटची चाळण झालेली असायची. रीळ तुटलं की ऑपरेटर दोन-चार फ्रेम कापून जोडणार. मागची माणसं बाजूच्या कनातीवर थापा मारून शिट्ट्या वाजवणार. या कापाकापीत भूत कधी दार न उघडताच खोलीत हजर व्हायचं. परिणाम वाढायचाच! सारंगखेड्याची यात्रा भर थंडीत, तापीकाठी. तिथे घोंगडीत गुरफटून 'पुराना मंदिर'मधला (1984) राक्षस सामरी बघणं म्हणजे काय, हे एसीत बसून कळायचं नाही. सामरी झालेल्या अजय अगरवालच्या उंचीला आणि त्या डोळ्यांना मेकअपची फारशी गरजच नव्हती.

गोष्टही ओळखीची असायची. हडळ, खवीस, मुंजा गावात होतेच. ठाकूरच्या पापाची फेड पुढच्या पिढ्यांनी करायची आणि शेवटी त्रिशूळ कामी यायचा, हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. 'वीराना'तली (1988) चेटकीण मात्र मला तेवढी निरुपद्रवी वाटत नाही. सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा असल्याच प्रकारांसाठी करावा लागला. पडद्यावर चेटकीण मेल्यावर पब्लिक टाळ्या पिटायचं, तेव्हा हा विचार कुणाच्या डोक्यात नसे.

मोहन भाकरी, विनोद तलवार या दिग्दर्शकांनी तोच मसाला आणखी स्वस्तात काढला आणि बाजार भरून गेला. 1993 मध्ये 'झी हॉरर शो' आला. बनवणारे पुन्हा रामसेच. केबलवर भूत फुकटात घरी येऊ लागल्यावर तंबूत तिकीट कोण काढणार? पुढे हेच सिनेमे सीडीवर आणि यूट्यूबवर गेले, आणि ज्यांनी तंबू कधी पाहिलाच नाही त्यांना ते विनोदी वाटू लागले.