अमली पदार्थांचा छापा आणि जप्ती पंचनामा

गांजा, चरस, गर्द (हलक्या प्रतीचे हेरॉइन), कोकेन, मेफेड्रोन असे पदार्थ बाळगणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला पकडून त्याच्याकडचा माल पंचांसमक्ष ताब्यात घेण्याची पोलिसी कारवाई. भारतात ती ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ या कायद्याखाली होते. बोलण्यात आणि कागदोपत्री त्याला एनडीपीएस म्हणतात. पोलिसी थरारपटात या कारवाईचे दार फोडण्यापासून बेड्या पडेपर्यंतचे भाग दिसतात. नोंद, तोल, लाखेची मोहोर, पाकिटावरच्या सह्या हे पडद्यावर येत नाही, कारण ते तासन्‌तास चालते आणि पाहायला कंटाळवाणे असते. खटला टिकतो किंवा कोसळतो तो मात्र याच कंटाळवाण्या भागावर.

याचे मूळ कायद्याच्या कडकपणात आहे. माल ताब्यात सापडला की तो बेकायदा हेतूने बाळगला असे न्यायालयाने गृहीत धरायचे असते (कलम ३५ व ५४) आणि ते खोडून काढण्याचा भार आरोपीवर पडतो. व्यापारी प्रमाणाच्या, म्हणजे ठरावीक वजनापेक्षा जास्त मालाच्या, गुन्ह्यात जामीन जवळजवळ मिळत नाही, कारण आरोपी दोषी नसावा असे मानण्यास वाजवी कारण आहे आणि तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशाचीच खात्री पटावी लागते (कलम ३७). शिक्षा एवढी जबर, म्हणून न्यायालये पोलिसांकडून प्रक्रियाही काटेकोर मागतात.

कायदा आणि वजनाचे गणित

१९८५ पूर्वी १८५७ व १८७८ चे अफू कायदे आणि १९३० चा घातक औषधिद्रव्ये कायदा चालत होता. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्द पसरले, मराठीला ‘गर्दुल्ला’ हा शब्द मिळाला, आणि जुने कायदे तोकडे पडले. नवा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झाला. नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो ही केंद्रीय यंत्रणा मार्च १९८६ मध्ये स्थापन झाली. पुढे १९८९, २००१ आणि २०१४ मध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या. छाप्याच्या दृष्टीने त्यांतली २००१ ची सर्वांत महत्त्वाची, कारण तेव्हापासून शिक्षा वजनाला जोडली गेली.

प्रत्येक पदार्थाला ‘अल्प’ आणि ‘व्यापारी’ अशा दोन मर्यादा आहेत. गांजासाठी १ किलो आणि २० किलो, चरससाठी १०० ग्रॅम आणि १ किलो, अफूसाठी २५ ग्रॅम आणि अडीच किलो, हेरॉइनसाठी ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, कोकेनसाठी २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. मेफेड्रोन, म्हणजे बाजारातले ‘एमडी’ किंवा ‘म्याऊ म्याऊ’, २०१५ मध्ये यादीत आले. त्याच्या मर्यादा २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम आहेत. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाणाला किमान दहा, कमाल वीस वर्षे आणि एक ते दोन लाख रुपये दंड.

कायद्याच्या व्याख्येत व्यापारी प्रमाण म्हणजे ठरवलेल्या आकड्यापेक्षा ‘जास्त’. नेमका २० किलो गांजा सापडला तर तो व्यापारी प्रमाणात बसत नाही. एमडीची पुडी प्लास्टिकसकट ५१ ग्रॅम भरली आणि प्लास्टिक काढल्यावर ४९.६ उरली, तर कलम ३७ चा अडसर उरत नाही आणि जामिनाची वाट मोकळी होते. म्हणून पंचनाम्यात स्थूल आणि निव्वळ अशी दोन्ही वजने लिहावी लागतात. भेसळीचा प्रश्न बरीच वर्षे लोंबकळत होता. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त शुद्ध पदार्थाचे वजन धरावे असे म्हटले होते. एप्रिल २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरवले. आता ग्लुकोज किंवा पीठ मिसळलेले असले तरी सगळ्या मिश्रणाचे वजन धरतात.

गांजाची गोम वेगळी आहे. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारी शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पाने आणि बिया गांजात येत नाहीत. शेतातून उपटलेली झाडे मुळे, माती आणि देठांसकट काट्यावर टाकली की आकडा डोळ्यांत भरतो, पण उलटतपासात पहिला प्रश्न त्यावरच येतो. ओला गांजा गोदामात वाळून हलकाही होतो. पंचनाम्यातला आणि प्रयोगशाळेतला आकडा जुळला नाही की बचाव पक्षाला मुद्दा मिळतो. जप्तीच्या वेळी माल ओला की सुका हे एका ओळीत लिहून ठेवले तर पुढे बरेच वाद वाचतात.

बातमी

छाप्याची सुरुवात खबऱ्याच्या बातमीने होते. ती मिळताच लिहून काढावी लागते आणि तिची प्रत ७२ तासांत लगतच्या वरिष्ठाकडे जावी लागते (कलम ४२). खबऱ्याचे नाव लिहायचे नसते. बातमी कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही (कलम ६८). कारवाई शिपायाच्या वरच्या दर्जाच्या आणि सरकारने खास अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यालाच करता येते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी वॉरंटशिवाय घरात शिरायचे असेल, तर वॉरंट आणायला गेल्यास आरोपी निसटेल किंवा पुरावा नाहीसा होईल असे का वाटले, ते आधी लिहावे लागते. २००९ मध्ये घटनापीठाने म्हटले की निकडीच्या प्रसंगी नोंदीला झालेला समाधानकारक खुलाशासह उशीर चालेल, मात्र नोंदच न करणे चालणार नाही.

माल रस्त्यावर, स्थानकात किंवा अशाच सार्वजनिक जागी पकडला तर कलम ४३ लागते आणि लेखी नोंदीची ही अट नसते. येथे पथके हमखास फसतात. गाडी रस्त्यावर अडवली म्हणजे जागा सार्वजनिक, असा समज आहे. पण खासगी वाहन सार्वजनिक रस्त्यावर असले तरी त्याची झडती कलम ४२ मध्येच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

पथक आणि सापळा

पथकात एक अधिकृत अधिकारी, तीन-चार अंमलदार, महिला अंमलदार आणि दोन पंच असतात. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची असते, त्यामुळे महिला अंमलदार सुरुवातीपासून सोबत लागते. सोबतच्या पेटीत डिजिटल काटा, तपासणी संच, लाख, मेणबत्ती, पितळी शिक्का, दोरा, लेबले, उष्णतेने बंद होणाऱ्या पिशव्या, लिफाफे, लॅपटॉप आणि छपाई यंत्र असते. निघताना ठाणे दैनंदिनीत रवानगीची नोंद होते. तिची वेळ आणि पंचनाम्याची वेळ एकमेकांशी बसली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०५ मुळे झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रणही बंधनकारक झाले आहे.

पंच स्थानिक आणि तटस्थ असावेत. प्रत्यक्षात रात्री अकराला कोणी यायला तयार नसतो आणि ओळखीचीच माणसे बोलावली जातात. तोच माणूस पाच-सहा पंचनाम्यांत पंच म्हणून दिसला की वकील त्याला ‘सराईत पंच’ ठरवून मोकळे होतात. पंच फितूर होणे हे तर नेहमीचेच. अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह असेल तर पंच उलटल्याने खटला आपोआप पडत नाही, पण मग त्या साक्षीवरचा भार वाढतो.

बनावट गिऱ्हाईक पाठवायचे असल्यास त्याला दिलेल्या नोटांचे क्रमांक आधी पंचनाम्यात उतरवतात. नंतर आरोपीच्या खिशातून त्याच नोटा निघाल्या की विक्रीचा दुवा जुळतो.

अंगझडती

सगळ्यात जास्त खटले ज्यावर अडखळले ते कलम ५० हेच. आरोपीच्या अंगावर हात घालण्यापूर्वी त्याला सांगावे लागते की जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेतली जावी, हा तुझा हक्क आहे. ‘साहेबांसमोर झडती देणार का?’ असे विचारणे पुरेसे नाही, ‘हक्क’ हा शब्द आणि त्याचा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. १९९९ आणि २०१० अशा दोन घटनापीठांनी हे कडक पालनाचे कलम असल्याचे सांगितले आहे. पालन झाले नाही तर अंगावर सापडलेला माल पुरावा म्हणून वापरता येत नाही, आणि अंगावरच्या मालाशिवाय दुसरे काही नसेल तर खटल्यात काहीच उरत नाही.

२०१४ च्या एका निकालाने आणखी दोन चुका दाखवल्या. दोन आरोपींना मिळून एकच पत्र देऊन एकाची सही घेणे चालत नाही, प्रत्येकाला वेगळे सांगावे लागते. आणि ‘किंवा आमच्या पथकातल्या अधिकाऱ्यासमोर’ असा तिसरा पर्याय देता येत नाही. कायद्यात पर्याय दोनच आहेत.

पत्र आरोपीला समजणाऱ्या भाषेत असावे. हिंदी किंवा बंगाली बोलणाऱ्या माणसाच्या हाती मराठी छापील नमुना ठेवून ‘वाचून समजला’ अशी सही घेतली, तर ती सही साक्षीच्या वेळी पोलिसांवरच उलटते. झडतीआधी पथक आणि पंच आरोपीला आपली स्वतःची झडती देऊ करतात. माल पोलिसांनीच ठेवला, हा आरोप टाळण्यासाठी. आरोपी बहुधा नकार देतो आणि तो नकारही लिहिला जातो.

पिशवी, बॅग, गाडीची डिकी यांना कलम ५० लागू नाही, ते फक्त माणसाच्या अंगापुरते आहे. तरीही बरेच अधिकारी बॅगेसाठीही पत्र देतात. त्याने नुकसान काही होत नाही.

चाचणी, तोल आणि मोहोर

पडद्यावरचा अधिकारी पुडी फोडून बोटाने पांढरी भुकटी चाखतो आणि मान डोलावतो. प्रत्यक्षात असे कोणी करू नये. भुकटी विषारी असू शकते, आणि चवीवरून पदार्थ ओळखल्याचे न्यायालयात सांगता येत नाही. जागेवर संचातल्या रंगबदलाच्या चाचण्या होतात. मार्क्विस द्रावणात अफूजन्य पदार्थ जांभळे होतात, अ‍ॅम्फेटामाइन नारिंगी ते तपकिरी. कोबाल्ट थायोसायनेटने कोकेन निळे होते, पण भूल देण्याच्या लिडोकेनसारख्या औषधानेही निळाई येते. मेफेड्रोन मार्क्विसमध्ये ठळक रंग देत नाही, म्हणून एकाच चाचणीवर विसंबून ‘माल नाही’ असे ठरवणे चूक. ही चाचणी संशयाला आधार देते, एवढेच. पदार्थाची ओळख ठरते ती प्रयोगशाळेच्या अहवालाने. मुंबईत हे काम कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे असते.

अनेक पाकिटे असली तर प्रत्येक वेगळे तोलायचे आणि क्रमांक द्यायचा. सगळी भुकटी एका पिशवीत ओतून तोलणे ही जुनी सवय घातक आहे. दहा पाकिटांपैकी तिघांत खडूची पूड असेल तर ते मिसळल्यानंतर कळण्याचा मार्ग राहत नाही. रंग जसा दिसतो तसाच लिहावा. पंचनाम्यात ‘पांढरी’ आणि अहवालात ‘फिकट पिवळसर’ आले की माल बदलल्याचा संशय घ्यायला जागा मिळते.

पाकिटाला दोरा, त्यावर लाख, लाखेवर शिक्का, आणि लेबलावर पंच, आरोपी व अधिकारी यांच्या सह्या. शिक्क्याचा नमुना पंचनाम्यावर आणि प्रयोगशाळेच्या पत्रावरही उमटवतात, म्हणजे तेथील विश्लेषकाला मोहोर ताडून पाहता येते. पत्रावर नमुना नसेल तर ‘मोहोर शाबूत होती’ या त्याच्या शेऱ्याला फारसा अर्थ राहत नाही.

नमुने

पूर्वी १९८९ च्या स्थायी आदेशाप्रमाणे नमुने घटनास्थळीच काढत. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कलम ५२अ प्रमाणे नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढून त्यांचे प्रमाणपत्र घ्यायचे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये जप्ती, साठवण, नमुने आणि विल्हेवाट यांचे नवे नियम आले. अफू, गांजा आणि चरस यांचा नमुना किमान २४ ग्रॅम, इतर पदार्थांचा ५ ग्रॅम, तोही दुहेरी. एकसारखी पाकिटे पुष्कळ असतील तर दहा-दहाचे गट करून गटागणिक नमुना घेता येतो, गांजा-चरसच्या बाबतीत चाळीसपर्यंतचा गट चालतो. या कलमातल्या त्रुटीवरून अनेक जण सुटले. अलीकडे, २०२४ अखेरीस व जानेवारी २०२५ मध्ये, न्यायालयाने म्हटले की केवळ ५२अ मधली चूक म्हणून जामीन किंवा निर्दोषत्व आपोआप मिळणार नाही. बाकीचा पुरावा भरवशाचा आहे का ते पाहावे लागेल.

नंतरचे कागद

अटक आणि जप्तीचा सविस्तर अहवाल ४८ तासांत वरिष्ठांकडे जातो (कलम ५७). मुद्देमाल ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या ताब्यात जातो आणि मुद्देमाल नोंदवहीत चढतो. तेथून प्रयोगशाळेपर्यंत माल कोणी, कधी, कोणाकडून घेतला याची साखळी तुटता कामा नये. प्रत्यक्षात माल शनिवारी रात्री आणलेला असतो, कारकून सोमवारी येतो आणि नोंद सोमवारची पडते. मधले दोन दिवस माल कोठे होता याचे उत्तर मग साक्षीदाराला पिंजऱ्यात द्यावे लागते.

आरोपीचा कबुलीजबाब येथे उपयोगाचा नाही. एनडीपीएस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली पुरावा ठरत नाही, असे ऑक्टोबर २०२० मध्ये ठरले. त्याआधी केंद्रीय यंत्रणांचे कितीतरी खटले याच जबाबांवर उभे असत. व्यापारी प्रमाणात आरोपपत्राला १८० दिवस मिळतात. सरकारी वकिलाच्या अहवालावर विशेष न्यायालय ती मुदत वर्षापर्यंत वाढवू शकते. मुदत चुकली तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो आणि कलम ३७ त्याला अडवू शकत नाही.

पुडीमागे कारखाना शोधणे हा यापुढचा तपास. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचा माग काढत कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यापर्यंत मजल मारली. अशा ठिकाणी ज्वलनशील द्रावके आणि तीव्र आम्ले असतात, त्यामुळे संरक्षक साधनांशिवाय आत शिरणारे पथक आधी स्वतःलाच धोक्यात घालते. तेथे न्यायवैद्यक तज्ज्ञ आणि अग्निशमन दल सोबत घेणे शहाणपणाचे. माल ज्याच्याकडे चालला आहे त्याच्यापर्यंत पोहोचायचे असेल तर ‘नियंत्रित सुपूर्दगी’ हा मार्गही कायद्यात आहे (कलम ५०अ). त्यात माल अडवत नाहीत. नजर ठेवून तो घेणाऱ्यापर्यंत जाऊ देतात.

दंडाधिकाऱ्यांनी प्रमाणित केलेली यादी, छायाचित्रे आणि नमुने हाच खटल्यातला प्राथमिक पुरावा मानला जातो. त्यामुळे बाकी साठा निकालापर्यंत गोदामात ठेवावा लागत नाही. औषधे विल्हेवाट समिती प्रत्येक पाकीट पंचनामा आणि प्रयोगशाळा अहवालाशी ताडते, वजन पुन्हा घेते, आणि मग माल भट्टीत जातो. या शेवटच्या तोलात घट निघाली, तर चौकशी मुद्देमाल नोंदवहीपासून सुरू होते.