‘मी झालो’ आणि ‘मी करीन’: स्वयंसूचनेची पार्श्वभूमी

नागपुरात मेडिकल चौकापासून धरमपेठेपर्यंत कुठल्याही अभ्यासिकेत जा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या टेबलासमोर चिठ्ठ्या चिकटवलेल्या दिसतील. ‘मी अधिकारी आहे.’ ‘यश माझंच आहे.’ कोणी हीच वाक्यं सकाळी आरशासमोर म्हणतं, कोणी मोबाइलवर रेकॉर्ड करून झोपताना ऐकतं. स्वयंसूचनेची, म्हणजे हल्लीच्या भाषेत अफर्मेशनची, ही सवय शंभर वर्षांहून जुनी आहे. एवढ्या काळात त्या वाक्याचं क्रियापद बदलत गेलं. या बदलाचा फटका नेमका ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज आहे त्यांनाच बसतो, म्हणून हा इतिहास माहीत असायला हवा.

एमिल कुए (१८५७–१९२६) यांचं फ्रान्समधल्या त्रुआ शहरात औषधाचं दुकान होतं. औषध हातात देताना त्याबद्दल दोन विश्वासाचे शब्द बोलले की गिऱ्हाइकाला गुण जास्त येतो, असं त्यांच्या लक्षात आलं. पुढे नान्सी इथल्या डॉक्टर लिएबो यांच्याकडे त्यांनी संमोहनाचे उपचार पाहिले, शिकले. स्वतः उपचार करताना मात्र ते हळूहळू संमोहनापासून दूर गेले. सूचना डॉक्टरनं दिली तरी ती लागू पडते रुग्णाच्या मनानं स्वीकारल्यावरच. मग ती रुग्णानं स्वतःच का देऊ नये? नान्सीत ते पैसे न घेता लोकांना तपासत आणि एकच वाक्य देत: ‘दिवसेंदिवस, सर्व बाजूंनी, मी अधिकाधिक बरा होत चाललो आहे.’ सकाळी उठताच आणि रात्री झोपण्यापूर्वी वीस-वीस वेळा ते म्हणायचं. मोजण्यासाठी वीस गाठींची दोरी. जपमाळ ओढणारी आजी घरात पाहिलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल.

कुए यांच्या दोन अटी पुढे विसरल्या गेल्या. हे वाक्य पुटपुटायचं, त्यावर जोर लावायचा नाही, ही पहिली. इच्छाशक्ती आणि कल्पनाशक्ती यांची झुंज लागली की कल्पनाशक्तीच जिंकते, असं ते ठासून सांगत. मनात ‘मला जमणार नाही’ हे चित्र असताना दात-ओठ खाऊन ‘जमेलच’ म्हटलं, तर ते चित्रच अधिक ठळक होतं. दुसरी अट वाक्यातच होती: ‘होत चाललो आहे’. आपण पोचलो असा दावा त्यात नाही, चालू असलेल्या वाटचालीची नोंद आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही ती खोटी वाटत नाही.

१९२२ मध्ये कुए यांचं पुस्तक अमेरिकेत आलं आणि १९२३ मध्ये ते स्वतः तिकडे गेले. तिथली जमीन आधीच तयार होती. फिनियस क्विम्बी (१८०२–१८६६) यांच्यापासून मनाच्या बळावर आजार बरा करण्याची एक चळवळ चालत आली होती. १९५२ मध्ये धर्मोपदेशक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांनी सकारात्मक विचार घराघरांत नेला. १९८४ मध्ये लुईज हे यांचं पुस्तक आलं आणि आरशासमोर उभं राहून स्वतःशी बोलण्याची पद्धत रुळली. या प्रवासात ‘होत चाललो आहे’ मागे पडलं आणि ‘मी आहेच’ पुढे आलं. अभ्यासिकेतल्या चिठ्ठ्या या टप्प्यावरच्या आहेत.

कॅनडात मानसशास्त्रज्ञ जोॲन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याची परीक्षा घेतली. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वाक्य लोकांना मनाशी म्हणायला लावलं. ज्यांचा आत्मसन्मान आधीच चांगला होता त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचा कमी होता, त्यांना ते न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटलं. मन लगेच उलटा पुरावा काढून दाखवतं. दोनदा प्रिलिममध्ये अडकलेल्या मुलीनं ‘मी अधिकारी आहे’ म्हटलं की तिच्या मनात आधी येतो तो निकालाचा दिवस.

संशोधनाची दुसरी वाट १९८८ मध्ये क्लॉड स्टील यांनी दाखवली. तिथे स्वतःची स्तुती करायची नसते. आपल्याला काय मोलाचं वाटतं, मग ते नातं असो, कला असो की प्रामाणिकपणा, आणि ते का, एवढंच लिहायचं. २००६ मध्ये जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सातवीच्या वर्गांत असं काही मिनिटांचं लेखन करून घेतलं, आणि कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांच्या गुणांमधली दरी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्याचं नोंदवलं. पुढच्या मोठ्या चाचण्यांत एवढा परिणाम दरवेळी दिसला नाही, हेही सांगायला हवं. तरी दिशा मला योग्य वाटते: ज्याबद्दल मनात शंकाच नाही, तिथून सुरुवात करायची.

आपल्याकडे मनाशी बोलण्याची रीत याहून जुनी आहे. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक २०५ आहेत आणि ते मनालाच हाक मारतात, त्याला समजावतात, खडसावतात. ‘मी थोर आहे’ असं त्यात कुठे येत नाही. २०१४ मध्ये इथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं, की ताणाच्या प्रसंगी ‘मी’ऐवजी स्वतःला नावानं किंवा ‘तू’ म्हणून संबोधणारे अधिक सावरलेले राहतात.

आणि नागपूरच्या माणसाला तर फार लांब जायलाच नको. जुलै १९४२ मध्ये याच शहरात भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिक्षण, संघर्ष आणि संघटन यांच्या जोडीला स्वतःवर विश्वास ठेवण्याचा सल्ला दिला. हा विश्वास एकट्यानं आरशासमोर घोटायचा नव्हता, तो सोबतच्या माणसांबरोबर आणि कामातून उभा राहायचा होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखोंच्या समुदायाला त्यांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांना आत्मविकासाचं तंत्र म्हणणं चूक ठरेल. तो धम्माचा आणि माणूसपणाचा निर्णय होता. पण प्रथमपुरुषी वाक्य माणसाला कसं उभं करतं, याचं एवढं मोठं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. सर्व माणसं समान आहेत असं मी मानतो. समता स्थापन करण्याचा मी प्रयत्न करीन. खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही. आज माझा नवा जन्म होत आहे. यात ‘मी मानतो’ आहे, ‘मी करीन’ आहे, ‘होत आहे’ आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कमी लेखलं गेलं त्यांच्या तोंडी ही वाक्यं खोटी वाटली नाहीत, कारण ती पाळणं त्यांच्या हातात होतं.

म्हणून चिठ्ठी फाडायची गरज नाही, वाक्य बदलायची आहे. ‘मी अधिकारी आहे’च्या जागी ‘आज राज्यशास्त्राचे दोन धडे मी पूर्ण करीन’. ‘मला कसलीच भीती नाही’च्या जागी ‘भीती वाटतेय, तरी मी पेपर सोडवायला बसेन’. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर कुठल्याही वाक्यावर विसंबून राहू नये. शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी फोन क्रमांक रात्रंदिवस विनाशुल्क चालू असतो.